तेरहून नेपल्सला, एका हस्तिदंती मूर्तीच्या भेटीला

माझे माहेर तेर. धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठावरचे, गोरोबाकाकांचे तेर. शाळेत असताना गुरुजी वर्षातून एकदा आम्हा मुलींना दोघीदोघींचे हात धरायला लावून रांगेने गावातल्या वस्तुसंग्रहालयात नेत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातून आणि शिवारातून वेचून आणलेल्या वस्तूंवर हे संग्रहालय उभे राहिले आहे. तेथे काचेमागे मातीचे दिवे, रंगीत मणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या मातीच्या लहान मूर्ती आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती होती. तिच्यासमोर आले की गुरुजी थांबत आणि म्हणत, "पोरींनो, हिची एक बहीण इटलीत आहे." बाकी सारे सांगितलेले मी विसरले, पण इतक्या लांब दिलेली ही बहीण कोण, तिला माहेरी कोणी आणत असेल का, हा विचार माझ्या मनात कित्येक वर्षे राहिला.

लग्नाला दोन वर्षे झाली तरी आम्ही दोघे कोठेच गेलो नव्हतो. मी लातूरच्या एका महाविद्यालयात शिकवते, पती खासगी नोकरीत आहेत, आणि दोन वर्षांच्या भिशीचे पैसे २०२५ च्या उन्हाळ्यात हातात आले तेव्हा दिवाळीच्या सुट्टीला शिल्लक रजा जोडून युरोपला जावे असे ठरले. पतींच्या मनात पॅरिस आणि स्वित्झर्लंड होते, कारण त्यांच्या मित्रांनी दहा दिवसांत सहा देश करून आणलेली छायाचित्रे त्यांनी पाहिली होती. मी त्यांना तेरच्या मूर्तीची गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "मग तुमच्या बहिणीलाच भेटून येऊ." त्यामुळे आमचा युरोप म्हणजे एकच देश, त्यातली दोनच शहरे आणि आठ दिवस इतकाच झाला, आणि आज मागे वळून पाहताना तो तेवढाच असावा असे मला मनापासून वाटते. बसमधून उतरायचे, छायाचित्र काढायचे आणि पुन्हा चढायचे, अशा प्रवासात एखाद्या दगडाच्या झिजलेल्या कडेवर हात ठेवून उभे राहायला वेळ मिळत नाही.

तिकिटे ऑगस्टमध्येच काढली होती. सप्टेंबरच्या अखेरीस अतिवृष्टी झाली. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांनी ती बातम्यांत पाहिली असेल. आमच्यासाठी मात्र ती माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या रानातली होती. तेरणेला पूर आला, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहून काळे पडले, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. माझे वडील सहसा काही बोलून दाखवत नाहीत. त्यांनी फोनवर एवढेच सांगितले की वरच्या पट्टीतले थोडे हाती लागेल. त्या रात्री आम्ही दोघांनी प्रवास रद्द करायचे ठरवले आणि सकाळी तेरला गेलो. आप्पा चिखलातून येऊन ओट्यावर पाय धूत होते. आमचे म्हणणे ऐकून ते म्हणाले, "तिकिटं काढलीत न्हवं? मग जावा. तुम्ही थांबल्यानं सोयाबीन उभं राहणारंय का? नुसते तुमचे पैसेबी बुडतेल." त्यांच्या या बोलण्यावर आम्ही गेलो, तरी संपूर्ण प्रवासात ते काळे शिवार माझ्या मनातून हलले नाही, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

युरोपातील अनेक देशांना मिळून एकच असलेल्या शेंगेन व्हिसाबद्दल अनेक जण विचारतात म्हणून थोडक्यात लिहिते. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. आमचा देशच एक असल्याने हा प्रश्न सोपा झाला. शुल्क प्रत्येकी ९० युरो आहे, म्हणजे आपले साधारण नऊ हजार रुपये, आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबईला जावे लागले. बँकेचा तपशील, रजेचे पत्र, निवासाचे आरक्षण आणि परतीची तिकिटे नीट लावलेली असली तर घाबरण्यासारखे त्यात काही नाही. सामान भरताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. सासूबाईंनी मोठ्या हौसेने आणवलेला कुंथलगिरीचा पेढा आणि तुपातले बेसनाचे लाडू आम्हाला घरीच ठेवावे लागले. चकल्या, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तेलातल्या शंकरपाळ्या तेवढ्या बरोबर आल्या, आणि त्यांनी आम्हाला खरोखर तारले.

भाऊबीज आटोपून २४ ऑक्टोबरला रात्रीच्या गाडीने लातूर सोडले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईहून विमानाने रोमला पोहोचलो. पहिल्याच रात्री तेथली घड्याळे एक तास मागे गेली, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील उन्हाळी वेळ संपते. परक्या गावात अचानक एक तास जास्तीचा मिळाला याचे आम्हाला लहान मुलांसारखे अप्रूप वाटले.

रोमविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि २०२५ हे कॅथलिक पंथीयांचे पवित्र वर्ष असल्याने गर्दीही फार होती, म्हणून मी त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल लिहिते. रोमच्या रस्त्यांवर सुमारे अडीच हजार लोखंडी नळखांब आहेत. नाकासारख्या वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना नासोनी, म्हणजे मोठी नाके, म्हणतात. १८७४ च्या सुमारास ते बसवायला सुरुवात झाली आणि आजही त्यांतून पिण्याचे गार पाणी अखंड वाहते. तोटीचे तोंड बोटाने दाबून धरले की वरच्या बारीक छिद्रातून पाण्याची कमान उडते आणि थेट तोंड लावून पाणी पिता येते. एका वृद्ध बाईंनी मला ते स्वतः करून दाखवले. मी पाणी प्याले, माझे पती मात्र कितीतरी वेळ त्या वाहत्या धारेकडे पाहत राहिले. ते लातूरचे आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा ते महाविद्यालयात शिकत होते, आणि घागरी घेऊन रात्रभर टँकरची वाट पाहणाऱ्यांत त्यांचे घरही होते. "तोटी बंद करायची सोयच नाही हिला," एवढेच ते म्हणाले. नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे रेल्वेने पाणी आणावे लागले आणि यंदा पाण्यानेच पीक नेले, हे त्या परक्या रस्त्यावर आम्हा दोघांच्या एकाच वेळी मनात आले असावे, कारण त्यानंतर बराच वेळ आम्ही काही न बोलता चालत होतो.

मंगळवारी, २८ तारखेला, वेगवान रेल्वेने सव्वा तासात नेपल्स गाठले आणि सामान ठेवून थेट पुरातत्त्व संग्रहालयाच्या दारात जाऊन उभे राहिलो. दार बंद होते. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते, आणि ही साधी गोष्ट महिनाभर तयारी करूनही मी पाहिली नव्हती. मला रडू आले. पतींनी पायरीवर बसवून शंकरपाळ्यांची पिशवी उघडली आणि म्हणाले की इतकी वर्षे थांबलात, आणखी दोन दिवस थांबा. आधी तिचे घर पाहू, मग तिला. ती जेथे सापडली त्या पोम्पेई या प्राचीन शहराची बुधवारची तिकिटे आमच्याकडे होतीच. झाले ते उत्तमच झाले. जी वस्तू कोठे सापडली ती जागा आधी पायाखालून गेली, की ती वस्तू काचेमागची राहत नाही.

पोम्पेईला नेपल्सहून लहान लोकल गाडी जाते, पाऊण तासाच्या आतच, आणि डाव्या हाताला सतत व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी दिसत राहतो. आता दिवसाला वीस हजारच लोकांना आत सोडतात आणि तिकिटावर नाव असते, त्यामुळे पारपत्र जवळ ठेवावे लागते. इ.स. ७९ मध्ये या डोंगराने हे शहर राखेत आणि हलक्या, सच्छिद्र दगडांत गाडले. स्फोटाची तारीख पूर्वी २४ ऑगस्ट मानली जाई. परंतु २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली, १७ ऑक्टोबर ही तारीख असलेली ओळ सापडली आणि तेव्हापासून अनेक अभ्यासक ऑक्टोबरच्या अखेरीचा काळ अधिक संभवनीय मानतात. म्हणजे आम्ही चालत होतो तसेच कोवळे ऊन त्या दिवसांतही असेल.

मुख्य रस्त्याचे नाव व्हिया देल्ल'अब्बोंदान्सा, म्हणजे समृद्धीचा रस्ता. काळ्या दगडी फरशीत गाड्यांच्या चाकांनी खोल चऱ्या पाडल्या आहेत. चाकोरी हा शब्द आपण रोज वापरतो. तो किती खरा आहे हे मला तेथे वाकून त्या चरीत बोटे घातल्यावर कळले. माझी चार बोटे पेरांपर्यंत आत गेली. रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये उंच दगड ठेवले आहेत आणि त्यांच्यामधले अंतर चाके जातील एवढेच आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या सागरी मार्गदर्शिकेत आमच्या तेरचा उल्लेख 'तगर' म्हणून येतो. बारिगाझा, म्हणजे भडोच, येथून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे मोठे नगर आहे, तेथून पुष्कळ साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि इतर माल गाड्यांतून, जेथे धड रस्ते नाहीत अशा प्रदेशातून, भडोचला येतो, असे तो सांगतो. हे मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. पण एका टोकाला तेरच्या काळ्या मातीतली बैलगाडी आणि दुसऱ्या टोकाला ही दगडातली चाकोरी, आणि मध्ये समुद्र, उंटांचे तांडे आणि नाईल नदी, असा तो मार्ग सलग मला त्या दिवशी प्रथमच दिसला.

चौकाचौकात दगडी हौद आहेत. पाण्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना हौदाची कड तळहाताएवढी खोलगट झिजली आहे, कारण वाकून पाणी पिताना माणसे तेथेच हात टेकत. मी हात टेकला तर तो त्या खळग्यात नीट बसला. आमच्या जुन्या विहिरीच्या दगडावर पोहऱ्याच्या दोराने पडलेल्या खाचा आहेत आणि लहानपणी मी त्यांत बोट फिरवत बसे. आजी म्हणे की या खाचा तिच्या सासूच्या सासूपासूनच्या आहेत. भट्ट्यांमध्ये लाव्हाच्या दगडाची जाती आहेत, आपल्या जात्यापेक्षा उंच, कमरेत बारीक, गाढवांकडून फिरवली जाणारी. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बाईचा विचार तेथे आला, पण गाढवाला जुंपलेले जाते पाहून तेथे गाणे असेल असे वाटले नाही.

त्याच रस्त्याला लागून ते घर आहे. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये आमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात तेथे हस्तिदंती मूर्ती सापडली आणि घराला 'भारतीय मूर्तीचे घर' असेच नाव पडले. आम्हाला ते आतून पाहता आले नाही; दाराशी उभे राहून पाहिले. घर फार मोठे नाही. भोवतालचे लोक पुढच्या भव्य वाड्यांकडे निघून जात होते आणि त्या बंद दाराशी आम्ही दोघेच होतो. मला वाटले, लेकीच्या सासरी गेल्यावर घरात कोणी नसावे तसे हे झाले. पतींनी पिशवीतून तेरच्या शिवारातला एक छोटा खापराचा तुकडा काढला, जो मी आठवण म्हणून आणला होता, आणि विचारले, "येथे ठेवायचा का?" मी नको म्हटले. पुढे कोण्या अभ्यासकाला तो सापडला असता तर त्याची चुकीची समजूत झाली असती, आणि ज्या विषयावर माझे पोट चालते त्याच्याशी असे वागणे मला पटले नसते.

गुरुवारी सकाळी संग्रहालय उघडताच आत गेलो. ही मूर्ती तेथे 'गुप्त दालना'त ठेवली आहे. पोम्पेईत सापडलेल्या शृंगारिक चित्रांचे आणि वस्तूंचे हे दालन दीर्घकाळ कुलपात होते आणि २००० मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. भोवतालच्या वस्तू पाहताना आम्हाला संकोच वाटला हे खरे, आणि आपली ही मूर्ती त्या सोबतीत ठेवणे मला योग्य वाटत नाही, हे माझे मत मी स्पष्टपणे नोंदवते. तिच्या अंगावर वस्त्र नाही, दागिनेच आहेत. परंतु सांची-भारहूतच्या यक्षींकडे आपण ज्या दृष्टीने पाहतो त्याच दृष्टीने तिच्याकडे पाहिले पाहिजे. तिची जागा व्यापाराच्या, दूरदेशच्या वस्तूंच्या दालनात असायला हवी.

ती सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे माझी एक वीत आणि वर दोन-तीन बोटे. एवढीशी. इतकी वर्षे वाट पाहिल्यानंतर ती मोठी असेल असे मी धरून चालले होते. दोन्ही बाजूंना दोन लहान दासी उभ्या आहेत, प्रसाधनाचे सामान घेऊन. पाय एकमेकांवर टाकलेले, कमरेला रुंद मेखला, हातांत कोपरांकडे चढत गेलेल्या बांगड्या, पायांत पोटऱ्यांपर्यंत थरावर थर तोडे, मागे पाठीवर लांब वेणी. त्या बांगड्या पाहून मला आमच्या भागातल्या तांड्यावरची, बाजाराच्या दिवशी गावात येणारी बंजारा आजी आठवली. तिच्या हातांवरही असेच थर असत आणि ती चालली की आधी तिचा आवाज येई, मग ती दिसे. मूर्तीच्या डोक्यातून खाली जाणारे भोक आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या तिवईचा पाय असावा, असे अभ्यासक मानतात. तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे.

मायुरींनी तिला लक्ष्मी म्हटले आणि ते नाव रूढ झाले. आम्ही आठ-नऊ दिवसांपूर्वीच लक्ष्मीपूजन केले होते; पतींचे हात आपोआप जोडले गेले. मी त्यांना हळूच सांगितले की आज बहुतेक अभ्यासक तिला लक्ष्मी नव्हे तर यक्षी मानतात. त्यांनी हात खाली घेतले नाहीत. "यक्षी तर यक्षी, गावाकडची तर आहे," असे ते म्हणाले.

गावाकडची आहे का, याचे उत्तर मात्र जपून द्यायला हवे. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती दोन ठिकाणी मिळाल्या आहेत, एक तेर आणि दुसरे जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, आणि ही दोन्ही ठिकाणे मराठवाड्यात आहेत. सुरुवातीला ही मूर्ती मथुरेची मानली जाई. या सापडलेल्या मूर्तींनंतर ती सातवाहनांच्या दख्खनमध्ये घडली असावी असे मत पुढे आले. दुसरीकडे खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, त्यामुळे तिकडचाही संबंध नाकारता येत नाही. 'पोम्पेईची लक्ष्मी तेरचीच' असे छातीठोकपणे लिहिलेले संदेश माझ्याही मोबाइलवर येतात आणि माहेरच्या अभिमानाने ते मला आवडतातही, पण मी ते पुढे पाठवत नाही. गुरुजींचा 'बहीण' हा शब्दच मला अधिक नेमका वाटतो. बहिणी एका घरात जन्मल्या की चुलत घरांत, हे ठरायचे बाकी असले तरी चेहरेपट्टी लपत नाही.

आम्ही तिच्यासमोर सुमारे तासभर होतो. पहारेकरी बाई दोनदा येऊन पाहून गेल्या. तिसऱ्यांदा आल्यावर त्यांनी "इंडिया?" असे विचारले, तेव्हा मी मोबाइलवर तेरच्या मूर्तीचे छायाचित्र काढून काचेशेजारी धरले. त्यांनी चष्मा लावला, एकदा मोबाइलकडे, एकदा काचेत पाहिले, आणि मग पलीकडच्या दालनातल्या सहकाऱ्याला हाक मारून बोलावून आणले. त्यानंतर चौघे जण बराच वेळ दोन्हीकडच्या बांगड्या मोजत होतो.

उरलेले दोन दिवस नेपल्समध्ये सुखाचे गेले. शाकाहारी वाचकांसाठी सांगते की तेथला मारिनारा पिझ्झा केवळ टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेलाचा असतो आणि तो शेंगदाण्याच्या चटणीबरोबर अप्रतिम लागतो. पार्मेझान चीज मात्र वासराच्या जठरातील रेनेटने बनते, त्यामुळे कटाक्षाने विचारून घ्यावे.

परतल्यावर पहिल्या रविवारी तेरला गेलो. आप्पांचा जन्म तेथला, पण संग्रहालयात ते कधी गेले नव्हते. रानातून वेळ मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे. मी आणि पतींनी त्यांना आग्रहाने नेले. मूर्तीसमोर ते टोपी काढून उभे राहिले आणि काही वेळाने विचारले, "तिकडची केवढीय?" मी वीत धरून वर तीन बोटे ठेवून दाखवली. त्यांनी आपली वीत काचेवर मूर्तीशेजारी धरली, पंजा तसाच ताणलेला ठेवून स्वतःकडे वळवला आणि त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढुशी. आन् एवढ्या लांब गेली." बाहेर आल्यावर त्यांनी पायताणे घातली, वाकून वाटेकडेची माती मुठीत दाबून पाहिली आणि वाफसा आला आहे, उद्या हरभरा पेरून घ्यावा लागेल, असे सांगत ते रानाकडे निघाले.